पत्र्याच्या खोलीत तापून बंद पडणारा लॅपटॉप: पेचकस घेण्याआधी आणि घेतल्यावर

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: मानवतजवळच्या गावात तुमचं सेवा केंद्र आहे, खोलीवर पत्रे आहेत. लॅपटॉप साडेचार वर्षांचा, वॉरंटी संपलेली. सकाळी बरा चालतो. अकराच्या पुढे पंखा घोंघावायला लागतो, कीबोर्डच्या डाव्या अंगाला हात ठेवता येत नाही आणि ऐन फॉर्म भरताना स्क्रीन काळी होते. मशीन परभणीला टाकलं तर चार दिवस केंद्र बंद राहतं, आणि जुलैत पीक विम्याची गर्दी सुरू व्हायच्या आत हे निस्तरायचं आहे. आजवर तुम्ही एकही स्क्रू खोललेला नाही. घरी जमेल का?

जमेल. परभणीत मी सतरा वर्षं हेच काम करतोय. गरम होतो म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांत काहीच मोडलेलं नसतं, हवेची वाट तेवढी बुजलेली असते. ती वाट मोकळी करायला शिलाई मशीन खोलून साफ करण्याइतकाच हात लागतो. पण त्याला क्रम आहे, आणि क्रम चुकला तर साध्या साफसफाईत मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, जातो. म्हणून आधी सगळं वाचून घ्या, मग पेचकस उचला.

सगळ्यात आधी आपल्याकडचं ऊन हिशेबात धरा. लॅपटॉप थंडावा तयार करत नाही. तो खालच्या जाळीतून खोलीतली हवा ओढतो, ती तांब्याच्या पातळ पात्यांमधून ढकलतो आणि गरम करून बाजूने किंवा बिजागरीजवळून बाहेर टाकतो. त्यामुळे खोलीच्या तापमानाखाली त्याला जाताच येत नाही. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तकात वापरासाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४२-४३ असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. खोली २८ ची ४३ झाली की आतली चिपही साधारण तेवढेच पंधरा अंश वर सरकते. जानेवारीत ७८ वर निवांत चालणारं मशीन मेमध्ये त्याच कामाला ९३ वर जातं. बहुतेक चिपा ९५ ते १०० च्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही उष्णता उतरली नाही तर जळण्यापासून वाचायला वीज तोडतात. तुमची स्क्रीन काळी होते ती बहुधा यामुळेच.

बहुधा म्हणतोय, कारण बंद पडण्याचं कारण प्रत्येक वेळी उष्णताच असते असं नाही. बॅटरी खलास झाली किंवा चार्जरची वायर आतून तुटली तरी मशीन असंच झटक्यात बंद होतं. म्हणून आधी मोजा. एचडब्ल्यू-इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या आणि उघडताना फक्त सेन्सर दाखवायचा पर्याय निवडा. त्यात सीपीयूचं, म्हणजे मुख्य चिपचं, आत्ताचं आणि आतापर्यंतचं कमाल तापमान दिसतं. एक वही घ्या. दुपारी बारा वाजता, नेहमीच्या टेबलावर, नेहमीचं काम वीस मिनिटं करा आणि कमाल आकडा लिहून ठेवा. भिंतीवर तापमापक असेल तर खोलीचा आकडाही लिहा. ९८-१०० ला पोचून बंद पडलं आणि थोडं निवल्याशिवाय नीट चालू राहीना, तर दोष उष्णतेचा. ६५ लाच बंद पडलं तर खोलायची गरज नाही; आधी दुसऱ्याचा त्याच वॅटचा चार्जर लावून बघा, मग बॅटरी तपासून घ्या. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर हीच वीस मिनिटांची चाचणी त्याच वेळी करायची. एका वेळी एकच बदल करा. तीन गोष्टी एकदम केल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

आता एक तपासणी सांगतो. ती मी प्रत्येक मशीनवर करतो, आणि तिला पैसाही लागत नाही. जिथून गरम हवा बाहेर येते त्या फटीसमोर पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी धरा. पतंगाचा कागद सगळ्यात छान. मशीन तापलेलं आणि पंखा जोरात असताना धरा, आणि दुसऱ्या हाताचा तळवा तिथेच जरा लांब ठेवा. पंखा ओरडतोय पण पट्टी जेमतेम हलते, तर हवेची वाट बुजली. आवाजच नाही आणि पट्टीही हलत नाही, तर पंखा गेला किंवा त्याची वायर सुटली. काही मशीन अशा वेळी चालू होतानाच पंख्याचा एरर दाखवतात. तिसरा प्रकार फसवा असतो. पट्टी चांगली फडफडते, तळव्याला हवा कोमटच लागते, आणि स्क्रीनवर मात्र सीपीयू ९७ दाखवतो. म्हणजे हवा वाहतेय, पण चिपची उष्णता तांब्याच्या पात्यांपर्यंत पोचतच नाही. चिप आणि तांबं यांच्या मधली पेस्ट, म्हणजे उष्णता पुढे नेणारा लेप, वाळली किंवा हीटसिंक, म्हणजे चिपवर बसून तिची उष्णता पात्यांपर्यंत नेणारा धातूचा भाग, नीट बसलेला नाही. या तीन निकालांवरून आत किती खोल जायचं ते ठरतं. तुमच्या वर्णनावरून मला पहिला प्रकार वाटतो, पण पट्टी धरून खात्री करा.

त्याच्याही आधी, न खोलता होणारी कामं करून घ्या. लॅपटॉप खाली काय घालून ठेवता? सेवा केंद्रात बहुतेक ठिकाणी टेबलावर रेक्झिन किंवा कापड असतं. पंखा ते वर ओढून जाळीला चिकटवतो आणि नाकावर हात ठेवल्यासारखं होतं. कापड काढा. मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन जाड झाकणं ठेवा, बोटभर उंची मिळाली पाहिजे. गादीवर, गोधडीवर किंवा पोत्यावर ठेवून काम करू नका. मागची बाजू भिंतीला टेकवली असेल तर वीतभर पुढे ओढा.

खोलीत कूलर असेल तर तो चालवाच. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो खोली चांगली उतरवतो आणि त्याचा फायदा चिपलाही मिळतो. पण कूलरचं तोंड थेट लॅपटॉपवर नको. ती ओलसर हवा खकाण्यात मिसळली की पंख्याच्या पात्यांवर लेप बसतो, आणि वाळल्यावर तो फुंकून निघत नाही, खरवडावा लागतो. माणसावर कूलर, मशीन आडबाजूला. आणि तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये कधीच ठेवू नका. आत दंव धरतं आणि बोर्डवर पाणी होतं.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त काम खाणारा प्रोग्राम वर येतो. काही चालू नसताना एखादा अनोळखी प्रोग्राम सतत ४०-५० टक्के खात असेल तर तो काढा आणि व्हायरस तपासून घ्या. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर असले पाहुणे येतात हे मी अनेकदा पाहिलंय. तात्पुरता दिलासा हवा असेल तर पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ करा. बहुतेक मशीनवर त्याने चिपची जादा धाव, म्हणजे टर्बो, बंद होते. फॉर्म भरायला टर्बो लागत नाही आणि तापमान बरंच उतरतं. काही नव्या मशीनमध्ये हा पर्याय दिसत नाही. नसेल तर सोडून द्या. कूलिंग पॅडची घाई नको. वाट बुजलेली असताना खालून कितीही हवा मारली तरी ती आत शिरत नाही.

एवढं करूनही दुपारचा आकडा नव्वदीच्या खाली येत नसेल तर खोलू या. पण आधी मशीन बंद करून सपाट फरशीवर ठेवा आणि डोळे त्याच्या पातळीला आणून बघा. पोट फुगलंय का? टचपॅड वर उचललाय किंवा क्लिक होत नाही? असं असेल तर बॅटरी फुगलेली आहे. तिथे थांबा. चार्जिंग बंद करा, दाबू नका, टोचू नका, मशीन दुकानात घेऊन जा. लिथियमची बॅटरी भोसकली गेली तर पेट घेते, आणि तुमच्या खोलीत लोकांची कागदपत्रं आहेत. तुमच्या कामाचं मशीन बहुधा नसेल, पण काही गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी पाऱ्यासारखा पातळ धातू असतो. तो वीज वाहून नेतो, एक थेंब बोर्डवर सांडला तरी नुकसान होतं. असं मशीन पहिल्यांदा शिकणाऱ्याने हातात घेऊ नये.

आणखी एक काम करा. तुमच्या मॉडेलचा पूर्ण नंबर खालच्या स्टिकरवर असतो. त्याच नंबरचं मशीन खोलतानाचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. काही मॉडेलचं खालचं झाकण काढलं की पंखा समोर दिसतो. काहींत कीबोर्ड आणि आख्खा बोर्ड बाहेर काढल्याशिवाय पंखा दिसतच नाही. तुमचं दुसऱ्या जातीचं निघालं तर पहिलाच प्रयोग त्याच्यावर करू नका, माझं ऐका.

सामान फार नाही. झिरो नंबरचा चांगल्या पोलादाचा फिलिप्स पेचकस. स्वस्त किटमधला पहिल्याच घट्ट स्क्रूला झिजतो आणि स्क्रूचं डोकंही खातो. काही मॉडेलला सहा पाकळ्यांचा टॉर्क्स लागतो, ते व्हिडिओत दिसेलच. एक चिमटा, रंगकामाचा एक मऊ ब्रश, हाताने दाबायचा रबरी ब्लोअर आणि जुनं एटीएम कार्ड. पेस्टपर्यंत जायचं असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि चिकटपणा असतो. नेलपॉलिश काढायचं पाणी अजिबात नको, प्लॅस्टिक विरघळतं. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे मशीन नेऊ नका. त्याच्या हवेत पाणी असतं आणि जोर एवढा की पंख्याची बेअरिंग जाते.

सकाळच्या उजेडात, गर्दी नसताना बसा. अंगावर सिंथेटिक साडी किंवा ओढणी नको. कोरड्या हवेत त्यातून ठिणगी बसते आणि ती बोर्डला सहन होत नाही. बसण्याआधी लोखंडी नळाला हात लावून या. मशीन पूर्ण बंद करा, नुसतं स्लीपमध्ये नको, आणि चार्जर काढा. थर्माकोलच्या तुकड्यावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढा. जो स्क्रू जिथून निघेल तो थर्माकोलवर त्याच जागी टोचा. हे बारीकसं वाटतं, पण याच्यावर मी पैसे भरलेत. दुकान टाकलं त्या पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाचं मशीन बंद करताना लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला. तो बोर्डच्या आतल्या थरात शिरला आणि मशीन परत चालू झालं नाही. बोर्ड माझ्या खिशातून बदलून दिला. त्या दिवसापासून थर्माकोलशिवाय मी झाकण काढत नाही.

सगळे स्क्रू निघाले की बिजागरीच्या बाजूने कार्ड फटीत सारून हळूहळू फिरवत न्या. आतली प्लॅस्टिकची कुलपं टकटक करत सुटतील, त्या आवाजाला घाबरू नका. एखादा कोपरा उचलतच नसेल तर जोर लावू नका, तिथे स्क्रू राहिलाय. बहुधा रबरी पायाखाली असतो. एखादा स्क्रू नुसता फिरतो, बाहेर येत नाही, तो झाकणातच अडकवलेला असतो. त्याला तसाच राहू द्या.

झाकण निघालं की कशालाही हात लावायच्या आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. वायरींना धरून ओढू नका. नखाने किंवा लाकडी काडीने कनेक्टरच्या दोन्ही कडा थोड्या थोड्या सरकवा. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज उतरते. आता मोबाइलवर आतला फोटो काढा, दोन काढा.

पंखा गोल दिसेल आणि त्याच्या तोंडाशी तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पात्यांची जाळी. बाहेरून ही जाळी स्वच्छ वाटते. पंखा तीन-चार स्क्रूंवर असतो, त्याचे स्क्रू काढा, वायरचा छोटा कनेक्टर सोडवा आणि पंखा उचला. बहुतेक ठिकाणी पंखा आणि जाळी यांच्या सांध्यावर काळी किंवा चंदेरी चिकटपट्टी असते. ती फाडू नका, एका बाजूने सोलून ठेवा, परत चिकटवायची आहे. ती नसली तर हवा जाळीत न जाता आतच सुटते.

पंखा उचलल्यावर जाळीच्या आतल्या अंगाला काय दिसतं ते सांगतो, म्हणजे ओळखू येईल. राखाडी रंगाची सलग पट्टी असते, नमद्यासारखी दाबून बसलेली, कधी दोन रुपयांच्या नाण्याएवढी जाड. चिमट्याने एका टोकाला धरली तर आख्खी पट्टी एका ओढीत निघते. बोटांत चोळून बघा. मानवत, सेलू, परभणीकडच्या मशीनमध्ये त्यात रुईचे तंतू असतात, पांढरे आणि लांब. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या, दिवसांत हवेत उडणारी ही रुई पंखा ओढून घेतो, ती पात्यांत आडवी बसते आणि तिच्यावर रस्त्याचा फुफाटा थापला जातो. लातूरकडून आलेल्या मशीनमध्ये तूर-सोयाबीनचा भुसा जास्त असतो, तो भुरभुर सुटतो. आपल्या कापसाच्या पट्ट्यातला हा नमदा मात्र नुसत्या फुंकरीने हलत नाही. झाकण न काढता बाहेरून ब्लोअर मारायला मी का सांगितलं नाही ते आता लक्षात येईल: बाहेरून मारलेली हवा ही पट्टी सोडवून पंख्यात ढकलते, आणि ती तिथे पात्यांना गुंडाळते.

पट्टी निघाली की जाळी ब्रशने उभी झाडा, आडवी नाही, नाहीतर पाती वाकतात. मग बाहेरच्या बाजूने ब्लोअर. पंख्याचं प्रत्येक पातं ब्रशने पुसा आणि हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. पंख्यात तेल घालू नका. शिलाई मशीनचं तेल धूळ धरतं, आणि खोबरेल तर हिवाळ्यात थिजतं. थिजलेलं खोबरेल काढायला आलेले पंखे मी पाहिले आहेत. पंखा खडखडत असेल, बोटाने ढकलल्यावर अडखळत असेल तर तो बदलायचा. त्याच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर जसाच्या तसा जुळवून घ्या. दिसायला सारखे पंखे असतात, पण हवेची दिशा उलटी निघते.

कागदाच्या पट्टीने पहिला प्रकार दाखवला असेल तर आज इथेच थांबा. हीटसिंक काढू नका. पंखा बसवा, चिकटपट्टी लावा, पंख्याची वायर जोडा आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. झाकण नुसतं टेकवून मशीन चालू करा. पंखा फिरला की स्क्रू लावा. इथे एक गंमत होते: बॅटरी काढून जोडल्यावर अनेक मशीन नुसत्या बटणाने जागीच होत नाहीत. चार्जर लावा आणि मग बटण दाबा. हे माहीत नसल्याने घाबरून मला रात्री फोन करणारे खूप जण आहेत.

तिसरा प्रकार असेल तरच पेस्ट. मशीन पाच मिनिटं चालवून कोमट करा म्हणजे जुनी पेस्ट सैल होते, मग वरच्याच क्रमाने बंद करून बॅटरी सोडवा. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने, प्रत्येकाला अर्धा-अर्धा फेरा देत. निघत नसेल तर सरळ वर ओढू नका, किंचित पिळ द्या. खाली आरशासारखी चिप दिसेल, तिच्याभोवती जोंधळ्याहून बारीक भाग. तिथे लोखंड लावू नका. चष्म्याच्या कापडावर अल्कोहोल घेऊन जुनी पेस्ट पुसा, चिपवरचीही आणि तांब्यावरचीही. खोलीत तेव्हा उदबत्ती किंवा दिवा नको. नवी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी, आणि ती प्लॅस्टिकच्या कार्डाने चिपभर पातळ पसरा. लॅपटॉपच्या चिपवर झाकण नसतं, त्यामुळे एक कोपरा कोरडा राहिला तर तोच तापतो. भरपूर थापल्याने जास्त थंड होत नाही. पेस्टचं काम चिप आणि तांबं यांच्यामधल्या बारीक खाचा भरायचं, थर करायचं नाही. अँप्लिफायरला लावतात ती पांढरी स्वस्त पेस्ट टाळा, आपल्या उन्हात ती लवकर सुकते. टूथपेस्टचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरा. बाजूच्या चिपांवर मऊ रबरी पॅड असतील, ते जागचे हलवू नका. फाटला तर तेवढ्याच जाडीचा पॅड आणा, पेस्ट भरून चालत नाही. ती फट पेस्टने भरत नाही. बसवताना १ ते ४ याच क्रमाने, थोडं थोडं.

मग दुसऱ्या दिवशी बारा वाजता तीच वीस मिनिटं, तेच टेबल. वही उघडून शेजारी आकडा लिहा. बुजलेली वाट मोकळी झाली असेल तर दहा-पंधरा अंशांचा फरक सहज दिसतो. दोन-तीनच अंश उतरला आणि खोली तितकीच गरम होती, तर हीटसिंकच्या उष्णता वाहून नेणाऱ्या नळीत दोष असू शकतो. तिच्यातलं द्रव गेलं की ती नुसती तांब्याची पट्टी उरते, आणि ते घरी दुरुस्त होत नाही, हीटसिंकच बदलावा लागतो. तेव्हा कुठल्याही दुकानात जा, पण वही बरोबर न्या. आकडे बघितल्यावर तपासण्यात दिवस घालवावा लागत नाही आणि मशीन चार दिवसांऐवजी बहुधा संध्याकाळी परत मिळतं.

पुढची साफसफाई मार्चच्या पहिल्या आठवड्यात करा. तोवर जिनिंगचा जोर ओसरलेला असतो, हवेतली रुई कमी झालेली असते, आणि ऊन चढायला अजून वेळ असतो.